घरच्या जुन्या पीसीवर गेम बनवायला शिकायचंय, मी आणि लेक दोघंही, सुरुवात कुठून करू?

वाशिष्ठीकाठ | १४ एप्रिल, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चिपळूणला असतो, पतसंस्थेत हिशोबाचं काम. लेक नववीची परीक्षा देऊन मोकळी झालीय आणि सुट्टी लागल्यापासून तिने एकच धरलंय, "बाबा मला गेम खेळायचा नाहीये, बनवायचाय". आधी मला वाटलं दोन दिवसांचं वेड असेल पण तिने वहीत पानंच्या पानं भरलीयत, कोण कुठून येणार, किती पॉइंट मिळणार, लेव्हल संपली की काय दिसणार, सगळं चित्रं काढून. ते बघितल्यावर मला राहवेना. तर आता दोघांनी मिळून शिकायचं ठरवलंय.

माझं शिक्षण बीकॉम, २००४ ला एमएस-सीआयटी केलं होतं, एक्सेल रोजचं आहे, फॉर्म्युले बऱ्यापैकी जमतात, पण प्रोग्रामिंग म्हणाल तर शून्य. घरी पीसी आहे, आयथ्री, जुना, ८ जीबी रॅम, गेल्या वर्षी एसएसडी टाकून घेतली, ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर १३६६ बाय ७६८. एवढ्यावर गेम बनतो का? का आधी नवीन मशीन घ्यायला लागेल? कोणती लँग्वेज, कोणतं सॉफ्टवेअर, क्लास लावावा का? नेटवर शोधलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि शेवटी कोर्स विकतो. इथे जाणती माणसं आहेत म्हणून विचारतोय.

---

पिक्सेलताई | १४ एप्रिल, रात्री ११.३५

पहिलं म्हणजे मशीन बदलू नका, पैसे ठेवा. तुमच्या पीसीवर टूडी गेम आरामात बनतो. मी गेली काही वर्षं ह्याच लाइनीत आहे आणि माझी सुरुवात ह्याहून हलक्या मशीनवर झालीय.

माझं मत गोडो, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ह्यालाच इंजिन म्हणतात. काही जण गोडॉट म्हणतात, तेच ते. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं इंजिन, २०१४ ला त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं. एमआयटी लायसन्स आहे म्हणजे उद्या तुमच्या लेकीने गेम विकला तरी कोणाला काही द्यायला लागत नाही. झिप फाईल उतरवायची, उघडायची, डबल क्लिक, झालं, इन्स्टॉल वगैरे भानगडच नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, नवीन प्रोजेक्ट करताना तो रेंडरर, म्हणजे स्क्रीनवर चित्र कुठल्या पद्धतीने काढायचं ते, विचारतो. तिथे 'फॉरवर्ड प्लस' आधीच निवडलेलं असतं, ते चांगल्या ग्राफिक्स कार्डासाठी आहे. तुम्ही 'कंपॅटिबिलिटी' निवडा. तो ओपनजीएल नावाची जुनी पद्धत वापरतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या पीसीवरही बिनतक्रार चालतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण पहिल्याच दिवशी "आमच्या पीसीवर चालत नाही" म्हणून सोडून देतात, फार वाईट वाटतं.

आणि व्हिडिओ बघून शिकणार असाल तर ते गोडो ४ चे आहेत ना हे आधी बघा. २०२३ ला चौथी आवृत्ती आली तेव्हा बरीच नावं बदलली. जुन्या व्हिडिओत 'कायनेमॅटिक बॉडी टूडी' सांगतात, आता ते 'कॅरेक्टर बॉडी टूडी' झालंय, 'स्प्राइट' चं 'स्प्राइट टूडी' झालंय. नवखा माणूस तासन् तास ते नाव शोधत बसतो आणि स्वतःलाच दोष देतो.

---

टर्बोकाका | १५ एप्रिल, सकाळी ६.२०

धागा वाचून सकाळ छान झाली. बाप-लेक मिळून शिकतायत, ह्याहून चांगलं काय.

मी नव्वदीच्या दशकात इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा आमच्याकडे सी भाषेत प्रोग्राम लिहायचं टर्बो सी आणि त्यातली ग्राफिक्स लायब्ररी. प्रोग्राम लिहायचा, चालवला की ग्राफिक्सला लागणारी बीजीआय फाईल सापडत नाही म्हणून एरर, पाथ बरोबर लिहायचा, मग एकदाचं काळ्या स्क्रीनवर एक वर्तुळ उमटायचं. त्या वर्तुळाला बाणाच्या कीने डावीकडे उजवीकडे हलवलं त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही. मी सांगितलं आणि यंत्राने ऐकलं, ती भावना अजून आठवते.

पण वर्तुळ हलताना लुकलुकायचं. का, तर जुनं पुसून नवं काढताना मधली अवस्था डोळ्यांना दिसायची. मग एका सिनिअरने सांगितलं की ६४० बाय ४८० चा मोड सोड, ६४० बाय ३५० चा घे, त्यात दोन पानं मिळतात. एक पान दाखवायचं, तोवर दुसऱ्यावर चित्र काढायचं, मग अदलाबदल. लुकलुक गेली. आज हे सगळं इंजिन आपोआप करतं, पण आत अजूनही हेच चालतं.

लेकीला इंजिन देण्याआधी एकच गोष्ट समजावून सांगा. गेम म्हणजे एक न थांबणारी फेरी. खेळणाऱ्याने काय दाबलं ते बघ, त्याप्रमाणे जगात बदल कर, मग चित्र काढ, की परत पहिल्यापासून. सेकंदाला साठ वेळा. आमच्या वेळचा कॉम्प्युटर गेम घ्या नाहीतर आजचा कुठलाही, आत ही फेरी असते. ती एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं नुसतं तपशिलाचं काम.

---

गोदाकाठचा_पायथॉन | १५ एप्रिल, दुपारी १.१५

काकांशी १००% सहमत, पण पिक्सेलताईंशी थोडा मतभेद, रागावू नका.

सुरुवातीलाच इंजिन हातात दिलं की पोरं बटणं शिकतात, प्रोग्रामिंग शिकत नाहीत असा माझा अनुभव आहे, मी सुट्टीत मुलांना शिकवतो. त्यापेक्षा पायथॉन ही भाषा आणि तिची पायगेम ही लायब्ररी घ्या. पायगेम २००० सालापासून आहे, खिडकी उघडणं, चित्र दाखवणं, कीबोर्ड वाचणं, आवाज, एवढंच देतं, बाकी सगळं तुम्ही लिहायचं. काकांनी सांगितलेली फेरी तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहायला लागते, आणि एकदा लिहिली की विसरत नाही. शिवाय पायथॉन पुढे कॉलेजात, नोकरीत कुठेही उपयोगी. सी शिकायची हिंमत असेल तर रेलिब म्हणून एक सुंदर लायब्ररी आहे, दहा-पंधरा ओळीत खिडकी आणि हलणारा चेंडू होतो.

---

पिक्सेलताई | १५ एप्रिल, दुपारी २.४०

रागवायचं काय त्यात, मुद्दा बरोबर आहे. फक्त एक बघा, पंधरा वर्षांच्या मुलीला सुट्टीचे सहा आठवडे आहेत. पायगेममध्ये बटण, मेनू, आवाजाचा कमी-जास्तपणा, सगळं हाताने करता करता सुट्टी संपते आणि गेम अर्धा राहतो. गोडोमध्येही जीडीस्क्रिप्ट ही त्याची स्वतःची भाषा लिहायलाच लागते आणि ती पायथॉनसारखीच दिसते. जे शिकेल ते वाया जात नाही. माझ्या मते पहिला गेम पूर्ण होणं सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीचा स्क्रीन, खेळ, हरणं, परत खेळणं, एवढं झालं की तो पूर्ण. अर्ध्या दहा गेमपेक्षा तो एक जास्त शिकवतो.

---

मुळामुठेवरून | १५ एप्रिल, रात्री ९.०५

पुढे करिअर करायचं असेल तर युनिटी किंवा अनरियल ही मोठी इंजिनं विसरू नका. पुण्यात युबिसॉफ्ट ह्या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, आणि २०२० ला आलेला 'राजी' हा गेम पुण्याच्याच टीमने बनवला, तो अनरियलवर आहे. युनिटीत सी शार्प, अनरियलमध्ये सी प्लस प्लस नाहीतर ब्लूप्रिंट, म्हणजे कोड न लिहिता चौकोन जोडत जायचं. पण खरं सांगायचं तर तुमच्या मशीनवर अनरियल नको, नुसतं उघडायलाच रडवेल. युनिटी चालेल पण जड वाटेल. युनिटीने २०२३ च्या सप्टेंबरात इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं, त्यावर खूप आरडाओरडा झाला, वर्षभराने ते रद्द केलं, पण त्या वर्षात बरेच जण गोडोकडे वळले ते वळलेच. शिकायला आत्ता गोडोच बरं, मीही तेच म्हणेन. नववीतल्या मुलीला नोकरीची घाई नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १७ एप्रिल, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर इतकं कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

गोडो उतरवलं, कंपॅटिबिलिटी निवडलं, चालतंय! पंखा पण फार ओरडत नाही. लेकीच्या वहीतला गेम मोठा आहे, राजवाडा, सात लेव्हल, ड्रॅगन. तिला ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तर थोडी हिरमुसली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली आपण आंब्याचा करूया. झाडावरून आंबे पडतात, खाली टोपली, बाणाने टोपली हलवायची आणि झेलायचे. कैरीला १, हापूसला ५, सडका आंबा टोपलीत पडला की एक जीव कमी. तीन जीव गेले की खेळ संपला. एवढंच. चालेल ना?

---

पिक्सेलताई | १७ एप्रिल, रात्री ११.३०

चालेल म्हणजे काय, पहिल्या गेमसाठी ह्याहून चांगला विषय नाही! बघा ह्यात सगळं आलं. कीबोर्ड, हलणं, टक्कर ओळखणं, गुण मोजणं, ठरावीक वेळाने नवीन वस्तू तयार होणं, हरणं.

क्रम असा ठेवा. आधी नुसता चौकोन डावीकडे उजवीकडे हलवा, त्यालाच टोपली समजा. चित्रांच्या मागे आत्ता लागू नका. मग एक गोल वरून खाली पाडा. मग दोघांची टक्कर झाली की गोल नाहीसा करा. टोपली आणि आंबा दोन्ही 'एरिया टूडी' घ्या, त्याला 'कोलिजन शेप' जोडा, आणि 'एरिया एंटर्ड' हा सिग्नल पकडा. सिग्नल म्हणजे दारावरची बेल, कोणी आलं की वाजते, आपण सारखं दार उघडून बघायला लागत नाही. मग टायमर लावा, दर सेकंदाला एक आंबा. मग लेबलवर गुण.

अडलात तर गोडोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'डॉज द क्रीप्स' नावाचा पहिला टूडी गेम पायरी पायरीने दिलाय, इंग्रजीत आहे पण सोपं आहे.

---

वाशिष्ठीकाठ | २६ एप्रिल, रात्री १०.००

प्रगती सांगतो. चौकोन हलला, गोल पडला, टक्कर झाली. लेक ओरडली तेव्हा शेजारचे बघायला आले काय झालं म्हणून.

पण आता एक विचित्र गोष्ट. काल पुण्याहून भाचा आलाय, त्याच्याकडे गेमिंगचा लॅपटॉप. आमचं प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून त्याच्यावर टाकलं तर आंबे धडाधड पडायला लागले! आमच्याकडे निवांत पडतात, त्याच्याकडे झेलताच येत नाहीत. फाईल तीच, एक अक्षर बदललेलं नाही. लेक म्हणते त्याचा लॅपटॉप फास्ट आहे म्हणून. पण मग जगातले सगळे गेम फास्ट मशीनवर फास्ट का होत नाहीत?

---

टर्बोकाका | २७ एप्रिल, सकाळी ६.०५

लेकीला शाबासकी द्या, तिने बरोबर ओळखलंय, आणि तुमचा प्रश्न त्याहून चांगला आहे.

जुन्या काळी गेम खरंच फास्ट व्हायचे. ३८६, ४८६ च्या डब्यावर टर्बो नावाचं बटण असायचं, ते बंद केलं की मशीन मुद्दाम हळू व्हायचं, म्हणजे जुने प्रोग्राम चालवता यायचे. टर्बो पास्कलमधले प्रोग्राम तर पुढे वेगवान पेंटियम आले तेव्हा सुरूच होईनात, 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडायचे, कारण सुरुवातीला मशीनचा वेग मोजायचं जे गणित होतं त्याचं उत्तर ठरलेल्या जागेत मावेना.

आणि ह्याच गोष्टीचं सोनं झाल्याचंही उदाहरण आहे. १९७८ चा स्पेस इनव्हेडर्स. त्यात शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने यायला लागतात. ते आधी ठरवून केलेलं नव्हतं, चित्रं कमी झाल्यावर मशीनला काम कमी उरायचं म्हणून वेग वाढायचा. बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि तीच त्या खेळाची गंमत ठरली.

---

गोदाकाठचा_पायथॉन | २७ एप्रिल, सकाळी ९.४५

काका, वाचताना मजा आली. आता उपाय सांगतो.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही बहुतेक 'प्रोसेस' फंक्शनमध्ये दर फेरीला आंब्याची जागा ५ पिक्सेलने खाली आणताय. तुमच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० फेऱ्या, म्हणजे ३०० पिक्सेल. भाच्याच्या लॅपटॉपचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा असणार, तिथे १४४ फेऱ्या, म्हणजे ७२० पिक्सेल. जवळजवळ अडीचपट.

तुम्ही पतसंस्थेत आहात तर तुमच्याच भाषेत सांगतो. ठेवीवर व्याज लावताना तुम्ही "प्रत्येक एन्ट्रीला पाच रुपये" असं लावता का? नाही. दर ठरलेला आणि मुदत किती झाली ते मोजून गुणायचं. इथे वेग म्हणजे दर, आणि मागच्या फेरीपासून किती वेळ गेला तो डेल्टा म्हणजे मुदत. त्या प्रोसेस फंक्शनला कंसात डेल्टा आयता मिळतो. तुमच्याकडे तो साधारण ०.०१६७ सेकंद, भाच्याकडे ०.००६९. वेग ३०० ठेवा आणि डेल्टाने गुणा. तुमच्याकडे फेरीला ५ पिक्सेल, त्याच्याकडे दोनच्या जरा वर, पण सेकंदाअखेर दोघांकडे ३००.

---

वाशिष्ठीकाठ | २७ एप्रिल, रात्री ९.२०

दर गुणिले मुदत! हे वाचलं आणि लख्ख झालं हो. लेकीला मी समजावून सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा माझं ऑफिसचं काम तिला इंटरेस्टिंग वाटलं. बदल केला, दोन्ही मशीनवर सारखं चालतंय. टोपलीलाही तेच केलं.

---

वाशिष्ठीकाठ | ४ मे, रात्री ११.५५

परत आलोय. दोन अडचणी.

एक, लेकीने आंबा, कैरी, टोपली सगळं ड्रॉइंगच्या कागदावर रंगवलं, मोबाईलने फोटो काढून गेममध्ये टाकलं. दिसतंय फार सुंदर, पण गेम सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि मध्येच अडकतो. दोन, पाच-सात मिनिटं खेळलं की हळूहळू सगळंच जड होत जातं. बंद करून परत चालू केलं की ठीक.

---

पिक्सेलताई | ५ मे, सकाळी १०.३०

हाताने काढलेली चित्रं! ती अजिबात बदलू नका, गेमला स्वतःचा चेहरा मिळतो त्याने.

फक्त लहान करा. मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. डिस्कवर ती जेपीजी तीन-चार एमबीची दिसते, पण मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका आंब्याला ४८ एमबी! स्क्रीनवर तो आंबा असतो केवढा, सुपारीएवढा. गिंपमध्ये उघडा, ते फुकट आहे, पांढरा कागद कापून पारदर्शक करा, १२८ बाय १२८ करा, पीएनजी म्हणून सेव्ह करा. ६४ केबी लागतील मेमरीत. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, पुढे मोठे लागले तर.

दुसऱ्या अडचणीसाठी हे करा. गेम चालू ठेवा, गोडोच्या खिडकीत परत या, डावीकडे सीनच्या यादीवर 'रिमोट' असं बटण दिसेल, ते दाबा. चालू गेममध्ये आत्ता काय काय आहे ती यादी दिसेल. किती आंबे दिसतायत सांगा.

---

वाशिष्ठीकाठ | ५ मे, दुपारी ३.००

ताई, मोजायचं सोडून दिलं. स्क्रीनवर तीन, यादीत शेकड्याने!

---

पिक्सेलताई | ५ मे, दुपारी ३.१०

तेच. झेललेले आंबे तुम्ही 'क्यू फ्री' करताय, म्हणजे गेममधून काढून टाकताय, पण चुकलेले? ते स्क्रीनच्या खालून निघून गेले म्हणजे संपले असं नाही, ते अजून पडतच आहेत, अंधारात, कायमचे. आंबा स्क्रीनच्या तळाच्या खाली गेला की त्यालाही क्यू फ्री करा. हिशोबातलीच गोष्ट आहे, उघडलेलं खातं बंदही करायला लागतं.

---

रानफूल_सावंतवाडी | ५ मे, रात्री ८.४५

मी पण शांतपणे वाचत होते, वाचनखूण साठवलीय. माझा मुलगा सातवीत आहे, आम्हीही काल सुरू केलं. आवाजाचं काय करता सगळे? नेटवरची गाणी वापरली तर चालतं का?

---

मुळामुठेवरून | ५ मे, रात्री १०.२०

नको, सिनेमाची गाणी नको, घरात खेळायला ठीक, पण नेटवर टाकला की कॉपीराइटचा प्रश्न. मुलांना हे सुरुवातीपासूनच सांगितलेलं बरं. केनी म्हणून एक साइट आहे, तिथे चित्रं आणि आवाज सीसी झिरो लायसन्सवर मिळतात, नाव द्यायचीही सक्ती नाही. ओपन गेम आर्टवरही खूप आहे पण तिथे प्रत्येकाचं लायसन्स वेगळं, वाचून घ्या. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे घरीच रेकॉर्ड करा. मोबाईलवर रेकॉर्ड, ऑडासिटीमध्ये मागचा पुढचा भाग कापायचा, छोटे आवाज वेव्हमध्ये, लांब संगीत ऑगमध्ये.

---

वाशिष्ठीकाठ | १० मे, रात्री १०.४०

दोन्ही अडचणी सुटल्या. आवाज आम्ही घरीच केले. खरा आंबा टोपलीत टाकून बघितला तर नुसता मऊ ठप्प, ऐकूच येईना. मोज्यांची गुंडाळी करून वेताच्या टोपलीत टाकली तेव्हा हवा तसा आवाज आला. सडक्या आंब्याला लेकीने ओल्या फडक्याचा आवाज दिलाय.

एक मात्र वाईट झालं. परवा वादळी पाऊस, लाईट गेली, पीसी धाडकन बंद. परत चालू केला तर मुख्य सीनची फाईल उघडेना. तीन दिवसांचं काम त्यात होतं. लेक जेवली नाही त्या रात्री. मीही नुसता बसून होतो तिच्याशेजारी. पेन ड्राइव्हवर भाच्यासाठी केलेली जुनी कॉपी होती त्यावरून परत बसवलं, दोन दिवस गेले.

---

गोदाकाठचा_पायथॉन | १० मे, रात्री ११.१५

अरेरे. ह्यातून बहुतेक जण एकदा जातातच पण लहान मुलीला फार लागतं ते. आजपासून गिट वापरायला लागा, ते कामाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं. रोज काम संपलं की एक कमिट, म्हणजे त्या दिवसाची नोंद, सोबत एक ओळ लिहायची की आज काय केलं. उद्या काही बिघडलं तर कालच्या कमिटवर परत जाता येतं. गिटहब ह्या साइटवर प्रायव्हेट रिपॉझिटरी, म्हणजे खासगी जागा, फुकट मिळते, तिथे पाठवलं की पीसी बुडाला तरी काम वाचलं. पहिल्या दिवशी अवघड वाटेल, चार कमांड पाठ केल्या की पुरे. गोडोची सीन फाईल साधी टेक्स्ट असते त्यामुळे काय बदललं तेही दिसतं. आणि कोकणात पावसाळा तोंडावर आलाय, एक साधा यूपीएस घ्याच.

---

रानफूल_सावंतवाडी | ११ मे, सकाळी ७.३०

लेकीला सांगा आम्ही सगळे तिच्या आंब्यांची वाट बघतोय.

---

वाशिष्ठीकाठ | २५ मे, रात्री १०.१५

मंडळी, गेम झाला! सुरुवातीचा स्क्रीन, खेळ, 'खेळ संपला', परत खेळा, सगळं. सर्वात जास्त गुणही सेव्ह होतात. नाव 'आंबेपाड'.

एक्सपोर्ट करताना टेम्प्लेट उतरवायला लागली, ती इंजिनापेक्षा कितीतरी मोठी निघाली, रात्रभर लावून ठेवली. मग एक्झी फाईल तयार झाली ती भाच्याला पाठवली तर त्याच्याकडे उघडेचना. शेवटी कळलं की शेजारी पीसीके नावाची अजून एक फाईल होती, चित्रं-आवाज सगळं त्यात, मी ती पाठवलीच नव्हती. एक्सपोर्टमध्ये 'एम्बेड पीसीके' वर टिक केलं की एकच फाईल होते, म्हणून पुढच्यांसाठी लिहून ठेवतोय. विंडोज आधी निळी सूचना दाखवतं की अनोळखी प्रोग्राम आहे, ते सही नसलेल्या सगळ्यांनाच दाखवतं म्हणे.

मग मुळामुठेवरून यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे वेबसाठी एक्सपोर्ट केला, मुख्य फाईलचं नाव इंडेक्स ठेवलं, झिप करून इच डॉट आयओ ह्या गेमच्या साइटवर टाकला, म्हणजे कोणालाही ब्राउझरमध्ये खेळता येईल. फुकट आहे ते. पण तिथे एक घोळ. आमच्या पीसीवर 'आंबेपाड', 'गुण', 'पुन्हा खेळा' सगळं मराठीत नीट दिसतं, आणि ब्राउझरमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! इंग्रजी आकडे दिसतात, मराठी गायब. लेक म्हणते इंग्रजीत करून टाकूया. मला ते करवत नाहीये.

---

पिक्सेलताई | २५ मे, रात्री १०.५०

मुळीच इंग्रजीत करू नका, दहा मिनिटांचं काम आहे!

गोडोच्या सोबत जो फॉन्ट येतो त्यात देवनागरी नाही. तुमच्या पीसीवर गोडो गुपचूप विंडोजचा निर्मला फॉन्ट उसना घेतो म्हणून दिसतं. ब्राउझरमध्ये उसना घ्यायला कोणी नाही, म्हणून चौकोन. तर फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवायचा. 'मुक्त' उतरवा, मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर मोफत, ओपन फॉन्ट लायसन्स. शीर्षकाला त्यांचाच 'बालू' घ्या, जाडजूड आणि गुबगुबीत, आंब्याला शोभेल. फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कस्टम फॉन्ट म्हणून लावा, परत एक्सपोर्ट.

गोडो ३ मध्ये असतात तर खरंच अडचण होती. तिथे जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, 'किती' लिहिलं की वाचवत नसे. चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. पायगेममध्ये अजूनही ते आपोआप होत नाही, हा पण एक मुद्दा होता माझ्या डोक्यात तुम्हाला गोडो सुचवताना.

---

गोदाकाठचा_पायथॉन | २५ मे, रात्री ११.०५

हे मान्य ताई, ह्या बाबतीत पायगेमने मलाही छळलंय. +१.

---

वाशिष्ठीकाठ | २६ मे, रात्री ९.३०

मराठी दिसायला लागलं!! बालूमधलं 'आंबेपाड' काय छान दिसतंय. लिंक प्रोफाइलवर टाकलीय, सगळ्यांनी खेळून बघा.

---

टर्बोकाका | २७ मे, सकाळी ६.१५

१४२ गुण. चष्मा लावून परत खेळतो. टोपलीचा आवाज फार गोड आहे. एकच सूचना, शेवटी आंबे इतके जलद पडतात की काही टोपलीतून आरपार गेल्यासारखे वाटतात. वेग वाढत वाढत एका फेरीत आंबा टोपलीच्या जाडीपेक्षा जास्त अंतर जात असेल तर टक्कर लागतच नाही, आधीच्या फेरीत वर होता, पुढच्या फेरीत खाली. वेगाला एक कमाल मर्यादा घाला किंवा टोपलीचा टकरीचा चौकोन उंच करा.

---

वाशिष्ठीकाठ | ३० मे, रात्री १०.२५

काका, मर्यादा घातली, आता आरपार जात नाहीत.

आज आईला खेळायला बसवलं. वय ७४, माउस कधी धरला नव्हता, पण बाणाच्या की दोनच आहेत म्हणून जमलं, ३८ गुण केले. सगळं वाचता आलं तिला, 'पुन्हा खेळा' स्वतः वाचून स्वतः दाबलं. मग लेकीला म्हणाली, "छान केलंयस गो, पण हापूस असा कोण पाडतं? खाली पडलेला आंबा बाजारात कोण घेणार? झेल्याने उतरवतात. आणि देठ ठेवून, नाहीतर चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतो."

लेक गप्पच झाली. मग वही काढली. आता दुसऱ्या आवृत्तीत टोपली जाणार आणि झेला येणार. लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं, माउसने काठी वर न्यायची, आंबा जाळीत आला की बरोबर देठावर क्लिक करायचं. देठासकट निघाला तर ५, देठ तुटला तर २, जमिनीवर पडला तर शून्य.

तर पिक्सेलताई, प्रश्न असा की काठीचं खालचं टोक हातात धरलेलं, एका जागी, आणि वरचं टोक माउसमागे जायला हवं, काठी तिरकी पण व्हायला हवी. हे फिरवायचं कसं? लेकीने 'रोटेशन' बदलून बघितलं तर काठी मधोमध फिरते, पंख्याच्या पात्यासारखी.

---

पिक्सेलताई | ३० मे, रात्री १०.४०

आईंना नमस्कार सांगा!

स्प्राइटच्या, म्हणजे काठीच्या चित्राच्या, सेटिंगमध्ये 'सेंटर्ड' वरची टिक काढा आणि 'ऑफसेट' असा द्या की काठीचं खालचं टोक बरोबर नोडच्या मूळ बिंदूवर येईल. वस्तू नेहमी त्या बिंदूभोवती फिरते. मग 'लुक अॅट' ला माउसची जागा द्या. काठीचं चित्र उभं काढलं असेल तर ती ९० अंशात चुकलेली दिसेल, कारण गोडोच्या मते उजवीकडे म्हणजे समोर. त्यामुळे लेकीला काठी आडवी काढायला सांगा, मूठ डावीकडे, जाळी उजवीकडे.